मिंटोचा करंडक आणि आपलं मैदान

ब्रॅम्प्टन, ऑन्टारिओ
१७ ऑगस्ट

प्रिय सुन्या,

तुझं पत्र पोचलं. मंडळाच्या पन्नाशीला कुमार गटाच्या खो-खोचा इतिहास तू लिहायला घेतलास हे वाचून फार बरं वाटलं. पण हाताशी फक्त ढालींची यादी आहे, वर्ष आणि विजेता संघ, त्यापुढे पेन सरकत नाही, असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून इथल्या ज्युनिअर लॅक्रॉस लीगबद्दल तुला लिहायचं मनात घोळतंय. लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. धाकट्यामुळे गेली सहा वर्षं या खेळात मी पुरता गुंतलोय.

तू इतिहासाचा मास्तर, म्हणून सुरुवात तुझ्या ओळखीच्या माणसापासून करतो. मोर्ले-मिंटो सुधारणा, १९०९. त्यातला मिंटो हिंदुस्थानात येण्याआधी, १८९८ ते १९०४, कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता, आणि १९०१ साली त्याने लॅक्रॉससाठी चांदीचा करंडक दिला. तोच मिंटो कप. १९०८ साली टिळकांना मंडालेला पाठवलं तेव्हा व्हाइसरॉय हाच. आणि त्याच वर्षी कॅनडाच्या पश्चिम टोकावरच्या न्यू वेस्टमिन्स्टर गावच्या सॅमनबेलीज संघाचे खेळाडू पार माँट्रियलपर्यंत जाऊन हा करंडक जिंकून आले होते. पोरांच्या मॅचला बाकावर बसून हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला रे.

पुढे १९३७ पासून हा करंडक ज्युनिअर पोरांना मिळाला. पहिल्या वर्षी तो ऑन्टारिओतल्या ओरिलिया गावाने जिंकला. आज ज्युनिअर ‘ए’ लीगमध्ये साधारण १७ ते २१ वयाची मुलं खेळतात. उन्हाळाभर गावागावांत सामने होतात आणि प्रांताचा विजेता ऑगस्टमध्ये मिंटो कपला उतरतो.

ही पोरं खेळतात ते ‘बॉक्स’ लॅक्रॉस. आता ‘बॉक्स’ म्हणजे काय ते सांगतो. मूळ लॅक्रॉस मोकळ्या मैदानावरचं. १९३१ साली माँट्रियल कनेडियन्स या बर्फावरच्या हॉकी संघाचे मालक, जो कॅटरिनिच आणि लिओ डँडुरँड, यांच्यापुढे प्रश्न होता की बर्फ वितळला की रिंक उन्हाळाभर रिकामी राहते, तिचं करायचं काय? त्यांनी लॅक्रॉस आत आणलं. त्यांची व्यावसायिक लीग दोन मोसमांत बंद पडली, पण खेळ मात्र असा रुजला की काही वर्षांतच कॅनडात मैदानी लॅक्रॉस मागे पडलं. खाली काँक्रीट, भोवती लाकडी फळ्या. प्रत्येक बाजूने गोलकीपर धरून सहा जण, आणि चेंडू हातात आला की तीस सेकंदांत गोलावर फटका मारायचाच. चेंडू भरीव रबराचा. फळीवर आदळला की बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. आपला खेळ मातीवरून मॅटवर गेला तेव्हा जुनी माणसं हळहळली होती ना, तसे इथेही हळहळणारे होते. पण आत आल्यामुळे खेळाचा वेग वाढला आणि छोट्या गावांना खेळ परवडू लागला, कारण हॉकीची रिंक गावात आधीपासून होतीच.

सुन्या, माझ्या मते या लीगचा खरा इतिहास ढालींच्या यादीत नाहीच. खेळ कोणाचा होता आणि तो खेळायची परवानगी कोणाला उरली, यात तो आहे.

लॅक्रॉस हा हौदेनोशोनी या इथल्या मूळ रहिवाशांचा खेळ. बाहेरचे त्यांना इरोक्वॉय म्हणतात. त्यांच्यासाठी तो विधात्याने दिलेला खेळ आहे, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही खेळतात. मुलगा जन्मला की पाळण्यात छोटी काठी ठेवतात. माणूस गेला की काठी त्याच्याबरोबर जाते. माँट्रियलचे एक दंतवैद्य, जॉर्ज बिअर्स, यांनी १८६० च्या दशकात खेळाचे नियम छापले. कानावागे वस्तीतल्या मोहॉक (हौदेनोशोनींपैकीच एक जमात) खेळाडूंना ते इंग्लंडला घेऊन गेले, १८७६ साली व्हिक्टोरिया राणीसमोरही सामना झाला. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १८८० साली, हौशी संघटनेने पैसे घेणाऱ्यांना बंदी केली. मूळ रहिवाशांचे संघ प्रवासखर्चाला पैसे घेत, म्हणून तेच बाहेर पडले. ज्यांनी खेळ दिला त्यांनाच त्याच्या अजिंक्यपदाचं दार बंद. याचा मला आजही संताप येतो.

हे दार पुन्हा किलकिलं झालं ते बॉक्सच्या काळात. ऑन्टारिओतल्या ग्रँड नदीकाठच्या सिक्स नेशन्स या हौदेनोशोनींच्या वस्तीत बॉक्स लॅक्रॉस घराघरांत पोचलं. तिथले रॉस पॉवलेस १९५० च्या दशकात पीटरबरोकडून खेळले आणि लागोपाठ चार वर्षं वरिष्ठांचा मॅन कप जिंकणाऱ्या संघात होते. त्यांचा मुलगा गेलॉर्ड सतराव्या वर्षी, १९६४ साली, ओशावाच्या ग्रीन गेल्स या ज्युनिअर संघात आला. प्रशिक्षक जिम बिशप. पोरांना दमवून, पळवून, शिस्त लावून त्यांनी असा संघ उभा केला की १९६३ ते १९६९ सलग सात वर्षं मिंटो कप ओशावाकडेच राहिला. गेलॉर्ड १९६४ आणि १९६७ या दोन्ही वर्षी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रतिस्पर्धी त्याला नेमून मारत, प्रेक्षक त्याच्या जातकुळीवरून ओरडत, आणि त्याची वडिलांकडून आलेली शिकवण एकच होती: हात उचलू नकोस, गोल कर. यादीत तू वाचशील फक्त ‘ओशावा, ओशावा, ओशावा’. त्या पोराने काठीचे किती वळ अंगावर घेतले ते यादीत कुठे दिसणार?

सिक्स नेशन्सचा स्वतःचा संघ, अ‍ॅरोज, मिंटो कप पहिल्यांदा जिंकला १९९२ साली. पोरांचा करंडक सुरू झाल्यावर पंचावन्न वर्षांनी! पुढे २००७, २०१४ आणि २०१५ लाही जिंकले.

हॉकीवाल्यांचंही या लीगशी जुनं नातं आहे. जो न्यूएनडाइक आणि गॅरी रॉबर्ट्स हे व्हिटबीचे बालमित्र, उन्हाळ्यात व्हिटबी वॉरिअर्सकडून लॅक्रॉस खेळायचे. १९८४ चा मिंटो कप व्हिटबीने जिंकला तेव्हा न्यूएनडाइक सर्वोत्तम ठरला, आणि १९८९ साली दोघांनी मिळून कॅल्गरीला हॉकीचा स्टॅनली कप मिळवून दिला. आमच्या ब्रॅम्प्टनचा एक्सेलसिअर्स क्लब तर १८७१ पासून आहे. त्याच्याबद्दल सवडीने लिहीन.

मागच्या महिन्यात धाकट्याला घेऊन अ‍ॅरोजची मॅच बघायला गेलो होतो. घरापासून तासाभराच्या वाटेवर इरोक्वॉय लॅक्रॉस अरीना आहे, २००४ साली खास या खेळासाठी उभं केलेलं. मॅचआधी धाकट्याच्या काठीची जाळी सैल झाली. चेंडू टाकला की तो बाजूला पडायचा. फळीजवळ एक म्हातारे बाबा उभे होते. काही न बोलता त्यांनी काठी हातात घेतली, चामड्याची वादी दाताने धरून ओढली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जाळीत चेंडू दाबून खोली बघितली, पुन्हा एक गाठ सोडली, पुन्हा बांधली. दहा मिनिटं गेली असतील. मग धाकट्याला म्हणाले, आता टाक. चेंडू सरळ गेला. मी आभार मानले तर ते फळीवर हात ठेवून पुन्हा खेळ बघायला लागले होते. नाव विचारायचं राहिलं. परतीच्या वाटेवर धाकटा काठी मांडीवर घेऊन बसला होता, मागे ठेवायला तयारच नव्हता.

म्हणून तुला सांगतो, ढालींची यादी शेवटच्या पानावर टाक. आधी हे लिही की आपल्या मैदानावर सुरुवातीला कोणत्या आळीची पोरं येत नव्हती आणि ती कधी, कोणामुळे यायला लागली. आपण दोघांनी ते डोळ्यांनी बघितलंय. मंडळातल्या काहींना ते आवडणार नाही, तरी लिही. खांब कोणी तासून दिले, बाहेरगावच्या सामन्यांना पोरांच्या भाकऱ्या कोणाकोणाच्या घरून यायच्या, मुलींचा संघ पहिल्यांदा उतरला तेव्हा कोण पाठीशी उभं राहिलं, तेही विचारून घे. विचारण्यासारखी माणसं अजून गावात आहेत.

आणि ते मामा. भल्या पहाटे येऊन, दोरी ताणून, चुन्याने पाट्या आखायचे, आपण पोचेपर्यंत हात धुऊन कामावर गेलेले असायचे. आपण त्यांना नुसतं मामाच म्हणत राहिलो. त्यांचं नाव-आडनाव तुला ठाऊक असेल तर मला कळव, नसेल तर त्यांच्या घरी जाऊन ये.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विज्या