सरकारी चुलीवर आमची भाजी शिजू द्या : पुण्याच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, पुणे जिल्हा, यांस
स. न. वि. वि.

ससून रुग्णालय, येरवडा कारागृह, महापालिकेच्या शाळा, समाजकल्याणची वसतिगृहे, अंगणवाड्या. पुण्यात सरकारी खर्चाने रोज हजारो माणसे जेवतात. या स्वयंपाकघरांत जो भाजीपाला विकत घेतला जातो, त्यातला ठरावीक वाटा जिल्ह्यातल्या लहान शेतकऱ्यांच्या गटांकडून थेट घेतला जावा, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे.

मी पुरंदर तालुक्यातली. घरची अडीच एकर जमीन, त्यात वाटाणा, मेथी, कोथिंबीर आणि बांधाला सीताफळ. आम्हा बायकांचा शेतकरी गट आहे. दुपारपासून भाजी उपटायची, जुड्या बांधायच्या, रात्री टेम्पो भरायचा आणि पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात जो भाव निघेल तो घ्यायचा. आवक वाढली की मेथीचा शेकडा, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव, असा कोसळतो की गाडीभाडे आणि हमाली वजा जाता जुडी बांधणारीची मजुरीसुद्धा आडत्याच्या हिशेबपट्टीतून निघत नाही. त्याच आठवड्यात शहरातल्या एखाद्या वसतिगृहाच्या मुली पाणीदार बटाट्याच्या रश्श्याला कंटाळलेल्या असतात.

एका शासकीय वसतिगृहाची भाजीपाला पुरवठ्याची निविदा आमच्या गटाने भरायची ठरवली होती. अटी वाचल्या आणि कागद मिटून ठेवला. तीन वर्षांच्या उलाढालीचा दाखला, अशाच पुरवठ्याचा अनुभव, बयाणा रक्कम. तेही कसेबसे जमवले असते. पण बटाट्यापासून लिंबापर्यंत सगळे जिन्नस एकाच पुरवठादाराने द्यायचे आणि वर्षभर एकाच दराने द्यायचे, ही अट कोणता शेतकरी पाळणार? कोथिंबीर पावसाळ्यात एका भावाची असते, थंडीत दुसऱ्या. वर्षभराचा पडेल दर भरून ठेका घेणाऱ्याला भाव चढलेल्या महिन्यात एकच वाट उरते, ती म्हणजे हलका माल देण्याची. साहेब, ही निविदा स्वस्त दिसते. तिची किंमत जेवणारा मोजतो.

आता गरज किती ते पाहा. शालेय पोषण आहारात, म्हणजे आताच्या पीएम पोषण योजनेत, पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 50 ग्रॅम भाजी आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम भाजी असे प्रमाण आहे. पाचवीपर्यंतच्या 500 मुलांच्या शाळेला रोजची भाजी झाली 25 किलो, टोमॅटोच्या एका क्रेटहून थोडी जास्त. एवढा माल गावातला एक गट आरामात देतो. शहरात मध्यवर्ती स्वयंपाकगृहे आहेत, त्यांना जास्त लागेल. तिथे चार-पाच गट मिळून देतील. मात्र 2025 मध्ये ठरलेला खर्च प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे आहे आणि त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळे बसवायचे आहे. नगदी पिकाइतकी कमाई यातून आम्हाला मिळणार नाही, हे आम्ही जाणतो. आम्हाला हवा आहे तो खात्रीचा गिऱ्हाईक, कारण गिऱ्हाईक ठरलेले असले की लागवड ठरवून करता येते.

ब्राझीलने 2009 मध्ये कायदाच केला : शाळेच्या जेवणासाठी केंद्र सरकार जो पैसा देते, त्यातला किमान 30 टक्के (2026 पासून 45 टक्के) कौटुंबिक शेती करणाऱ्यांकडून खरेदीवर खर्च झाला पाहिजे. तिथे सर्वांत कमी दराची निविदा सक्तीची नाही. बाजार पाहून दर आधी जाहीर होतो, जवळच्या शेतकऱ्याला प्राधान्य मिळते आणि एका कुटुंबाकडून वर्षाला किती घ्यायचे याला मर्यादा असते, म्हणजे शेतकऱ्याच्या नावाआड व्यापारी शिरत नाही. आपल्यालाही असा विचार नवा नाही. केंद्राची खाती आपल्या खरेदीतील 25 टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेण्यास बांधील आहेत. लघुउद्योजकाला हे संरक्षण आहे, मग महाराष्ट्रात सरासरी 1.34 हेक्टरवर (2015-16 ची कृषी गणना) राबणाऱ्याला का नसावे?

आमच्याबद्दलची एक शंका खरी आहे. बाजार चढला की गट माल यार्डात नेईल आणि शाळा उपाशी राहील. म्हणून दर कायमचा न बांधता बाजार समितीच्या रोजच्या सरासरी दराला जोडावा, वर वाहतूक धरावी, आणि गटाने पिकातला ठरलेला हिस्सा द्यायचा करार करावा. जुन्नरला पाऊस झोडपतो तेव्हा पुरंदरात पीक उभे असते. गट दोन-तीन तालुक्यांतले घेतले तर खंड पडणार नाही. पैसे मात्र पंधरा दिवसांत मिळावेत. बिल चार महिने अडकले तर लहान शेतकरी पुन्हा व्यापाऱ्याच्या उचलीकडेच जाईल.

कृषी, शिक्षण आणि समाजकल्याण या तिन्ही खात्यांची आयुक्तालये पुण्यातच आहेत, शेतमाल विक्रीचे पणन मंडळ मार्केट यार्डाजवळ आहे, कारागृह विभागाचे मुख्यालयही इथेच. विकणाऱ्याचे खाते आणि घेणाऱ्यांची खाती एका शहरात बसतात. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष या नात्याने आपण त्यांना एका टेबलावर बोलवावे. ससून, एक कारागृह आणि दहा शाळा एवढ्यावर सुरुवात करावी. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आमचे खरिपाचे बियाणे त्याआधी घेतले जाते. बैठक एप्रिलमध्ये झाली, तर त्या शाळांच्या मागणीनुसार आम्ही पेरणी करू.

आपली,
पुरंदर तालुक्यातील एक शेतकरी