अप्पांचा पाय वाचवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

परवा अप्पा स्वतःच्या पायांनी विहिरीपर्यंत जाऊन आले. त्याच संध्याकाळी हे पत्र लिहायला बसले. चारचौघांसमोर लिहितेय, कारण ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरचं नाव कुणी काढत नाही.

नवी चप्पल चावली, एवढंच निमित्त. अंगठ्याच्या मुळाशी फोड आला आणि फुटला. दुखत नव्हतं, म्हणून अप्पांनी हळद भरून चिंधी बांधली. चिंधीला वास यायला लागला तेव्हा कुठे आम्हांला कळलं. पहिल्या दवाखान्यात पाय कापायची भाषा झाली आणि आई तिथंच मटकन बसली.

तुमच्याकडे आलो, तर तुम्ही अप्पांना डोळे मिटायला लावून तळव्यावर नायलॉनचा बारीक तंतू टेकवलात, अगदी वाकेपर्यंत. अप्पांना एकदाही कळलं नाही. "काका, दुखलं असतं तर तुम्ही पहिल्याच दिवशी आला असतात," तुम्ही म्हणालात. मधुमेहात वर्षानुवर्षं वाढलेल्या रक्तातल्या साखरेनं पायाची संवेदना जाते, रक्तवाहिन्या अरुंद होऊन जखमेला रक्त कमी पडतं, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. हे आम्हांला इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलंच नव्हतं. डॉपलरमध्ये, म्हणजे पायातलं रक्त कसं वाहतंय ते बघायच्या तपासणीत, रक्तपुरवठा बरा निघाला, तेव्हा आमच्याइतक्याच तुम्ही खूश झालात.

डॉक्टरांनी मेलेलं मांस काढलं तेव्हा जखम आधीपेक्षा मोठी दिसली. मी रडले. मेलेल्या मांसात जंतूंना आसरा मिळतो, कडेला ताजं रक्त दिसलं की समजायचं जखम भरणार, हे तुम्ही मला हात धरून दाखवलंत. घरी हळद, राख, काही नको. सलाइननं धुवायचं आणि स्वच्छ पट्टी. इन्शुलिन म्हणजे शेवट, ही अप्पांची भीतीही तुम्हीच घालवलीत. अँटिबायोटिकनं पू थांबेल, पण साखर उतरल्याशिवाय मांस धरणार नाही, असं बजावलंत.

सगळ्यांत अवघड होतं पायावर भार न देणं. अप्पा ऐकणारे नव्हेत. जंतुसंसर्ग हटल्यावर, जखमेवर भार येऊ नये म्हणून, तळव्याला नीट बसणारं प्लास्टर घातलं, दर आठवड्याला बदललं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांचे बधिर पाय असेच प्लास्टरमध्ये ठेवून बरे करायचे, ही गोष्ट तुम्ही सांगितलीत आणि अप्पा गप्प झाले. त्यानंतर त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

चार महिने लागले. एके दिवशी पट्टी सोडून तुम्ही मला हाक मारलीत, "ये, बघ." लालचुटूक मांस, कडेनं गुलाबी कातडी सरकत आलेली. इतकं सुंदर मी फार थोडं पाहिलंय.

आता रोज रात्री अप्पा आरशात तळवे बघतात, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतात, घरातही मऊ चप्पल घालतात. चप्पल घालण्याआधी ती झटकून आत हात फिरवायलाही विसरत नाहीत. यंदा ज्वारी चांगली आहे. हुरड्याला या, अप्पा स्वतः कणसं भाजणार आहेत.

तुमची,
अप्पांची लेक