रस्त्याचे काम चालू असताना वाहतुकीला जबाबदार कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम पळस्पे ते इंदापूर या टप्प्यात २०११ मध्ये हाती घेण्यात आले आणि तेव्हापासून कोकणातला माणूस अर्धवट रस्त्यावरूनच गावी जातो-येतो आहे. काम का रखडले याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे म्हणणे त्याहून मर्यादित आहे. काम चालू असलेल्या रस्त्यावरून वाहने सुखरूप पुढे नेण्याची जबाबदारी जागेवर हजर असणाऱ्या एका विशिष्ट माणसाकडे, म्हणजे वाहतूक पर्यवेक्षकाकडे, सोपवलेली असली पाहिजे, आणि तो माणूस कोण हे तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला कळले पाहिजे.

आपल्याकडे नियमांची उणीव नाही. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेची, कामाच्या जागेवरील वाहतुकीविषयीची ‘एसपी ५५’ ही मार्गदर्शक पुस्तिका २००१ मध्ये निघाली व २०१४ मध्ये सुधारली गेली. तिच्यात कामाच्या जागेचे भाग पाडून दिले आहेत : आगाऊ सूचना देणारा पट्टा, वाहनांना हळूहळू बाजूला घेणारा निमुळता पट्टा, प्रत्यक्ष कामाचा पट्टा आणि वाहनांना मूळ मार्गिकेत परत आणणारा पट्टा. या रचनेमागे साधे गणित आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. चालकाला धोका दिसून त्याने ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ रस्त्याच्या आखणीत अडीच सेकंद धरतात, म्हणजे ५५ मीटर तसेच निघून जातात. पूर्ण थांबण्यासाठी १२० मीटर दृष्टिअंतर धरले जाते. हे पाहिले, की खोदलेल्या चराच्या तोंडाशीच उभा केलेला ‘काम चालू आहे’ हा फलक कोणालाही वाचवू शकत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु फलक, प्लास्टिकचे शंकू (कोन) आणि बॅरिकेड मांडून झाले म्हणजे व्यवस्था पूर्ण झाली, असे मानण्यातच मोठी चूक आहे. ही मांडणी दर काही तासांनी बिघडते. डंपर मागे घेताना बॅरिकेड सरकते, कोन आडवे होतात, ब्लिंकरची बॅटरी उतरते, चिखल उडून रिफ्लेक्टर झाकला जातो, आणि काम दोनशे मीटर पुढे सरकले तरी फलक जुन्याच जागी राहतात. काँक्रीटचा नवा थर आणि जुना रस्ता यांच्यामध्ये पडलेली उंच कड दिवसा कशीबशी दिसते; रात्री पावसात, समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर असताना, दुचाकीस्वाराला ती अजिबात दिसत नाही. म्हणून अंधार पडल्यावर, मुकादम आणि मजूर घरी गेल्यावर, चालकाच्या नजरेने त्या संपूर्ण पट्ट्यातून दोन्ही दिशांनी एकदा जाऊन येणे हे पर्यवेक्षकाचे सर्वांत महत्त्वाचे काम ठरते. काम संपल्यावर फलक त्याच दिवशी उचलणे हेही तितकेच त्याचे काम आहे, कारण काम नसताना महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या फलकांमुळेच चालक खऱ्या फलकांकडे दुर्लक्ष करायला शिकतात.

एकेरी वाहतूक सोडण्याच्या जागी तर हे अधिकच जाणवते. दोन टोकांना दोन झेंडीवाले उभे असतात. वळणामुळे किंवा खडीच्या ढिगामुळे ते एकमेकांना दिसत नाहीत आणि वॉकीटॉकी त्यांच्यापाशी क्वचितच असते. रेल्वेच्या एकेरी मार्गावर टोकन, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण, हाती असल्याशिवाय चालक गाडी पुढे नेत नसे. तीच पद्धत इथे शेवटच्या वाहनाच्या चालकाकडे झेंडी देऊन आणि ती पलीकडे पोचल्यावरच समोरची वाहने सोडून विनाखर्च पाळता येते. पण हे शिकवणारा कोणी नसल्यामुळे आदल्या दिवशी घमेले उचलणाऱ्या मुलाच्या हाती लाल फडके दिले जाते आणि त्याला भर वाहतुकीत उभे केले जाते. त्याच्याही जिवाची काळजी कोणी करायची, हा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो.

या हलगर्जीपणाचे मूळ, माझ्या मते, देयकात आहे. बहुतेक कंत्राटांत वाहतूक व्यवस्थेचा खर्च मूळ कामात आनुषंगिक म्हणून धरलेला असतो. खडीचे मोजमाप होते, डांबराचे होते, काँक्रीटचे होते. रात्रभर पेटत राहिलेल्या दिव्यांचे आणि जागेवर उभ्या असलेल्या झेंडीवाल्याचे होत नाही. ज्याचे मोजमाप नाही त्यात काटकसर होणारच. निविदेत त्यासाठी दिवसागणिक दराची स्वतंत्र बाब ठेवली आणि रात्रीच्या तपासणीच्या नोंदवहीशिवाय तिचे देयक मंजूर केले नाही, तर पुष्कळ फरक पडेल.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९८-अ हे विहित निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास कंत्राटदार, सल्लागार व संबंधित प्राधिकरण यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. ही तरतूद आवश्यकच आहे, पण ती माणूस गेल्यावर लागू होते आणि मोठ्या कंत्राटाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. तशी वेळ येऊच नये म्हणून, काम थांबवण्याचा अधिकार असलेला, प्रशिक्षित आणि उत्पादनाच्या उद्दिष्टाशी ज्याचा पगार बांधलेला नाही असा वाहतूक पर्यवेक्षक प्रत्येक पाळीत असावा, अशी माझी सार्वजनिक बांधकाम विभाग व राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांना विनंती आहे. त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक कामाच्या दोन्ही टोकांना, रात्री वाचता येईल अशा अक्षरांत लावावेत. गणपतीसाठी चाकरमानी निघतात त्या आठवड्यात अवजड वाहतूक आणि काम बंद ठेवले जाते, पण अर्धवट खोदकाम तसेच उघडे असते. निदान त्या सुट्टीत तरी या पर्यवेक्षकाला सुट्टी देऊ नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
महाड, जि. रायगड