गुरुजी, त्या रजिस्टरसाठी थँक्यू

गुरुजी, नमस्कार.

फोनवर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलला, म्हणून इथे लिहितेय. तुम्ही स्वतः वाचणार नाही हे माहितीय, पण तुमचा नातू वाचून दाखवेल.

मागच्या उन्हाळ्यात मी बीड जिल्ह्यात तुमच्या दारात आले तेव्हा माझ्याकडे फक्त एक जाडजूड झेरॉक्स फाईल होती, शेवटच्या पानावर फाशी. सेशन्स कोर्टाने फाशी दिली तरी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती देता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या मनोज केसपासून माणूस कसा वाढला, काय सोसलं, जेलमध्ये कसा राहतो हे सगळं कोर्टापुढे यावं लागतं, ते गावोगाव फिरून गोळा करायचं हेच आमचं काम. त्या फाईलमध्ये तुमचा विद्यार्थी थेट अटकेच्या दिवशीच जन्मला होता, त्याआधीची एक ओळ नाही.

खरं सांगायचं तर मी फक्त वय शोधायला आले होते. डोक्यात ती पुण्याची १९९४ ची केस होती, बिकानेरकडचा मुलगा, पोलिसांच्या कागदावर नाव वेगळं आणि गावच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये वेगळं, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रजिस्टर मानलं तेव्हा कळलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. २८ वर्षं जेलमध्ये, त्यातली बहुतेक फाशीच्या सावलीत. मला वाटलं आपल्यालाही असंच काहीतरी सापडेल.

तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झालीत, तरी भर उन्हात माझ्याबरोबर शाळेत आलात, हेडसरांना सांगून कपाट उघडायला लावलंत, जनरल रजिस्टर काढून त्याच्यावरची वाळवी धोतराच्या सोग्याने झटकलीत. आणि त्याचं नाव सापडलं. जन्मतारीख १ जून. वरच्या पोराची १ जून, खालच्याची पण १ जून. तुम्ही कपाळाला हात लावून हसलात, "मीच टाकलीय गं, कुणाकडं दाखला होता तवा."

त्या १ जूनने तो घटनेच्या दिवशी १८ वर्षं ३ महिन्यांचा होत होता. तीन महिने! जन्मला उसाच्या फडात एवढं आईला आठवत होतं, पण मागल्या हंगामात की पुढल्या, ते तिला सांगता येईना. पुढल्या असेल तर तो घटनेच्या दिवशी १८ च्या आत, आणि १८ च्या आतल्याला फाशी देता येत नाही, म्हणजे फाशीचा प्रश्नच मिटला. मी तुम्हाला म्हणाले, गुरुजी तुम्हाला आठवत असेल तर तसं लिहून द्या ना, आणि माझ्या "आठवत असेल तर" चा अर्थ तुम्हाला बरोबर कळला. तुम्ही म्हणालात, "ठावं नाही ते लिहून देणार नाही. ठावंय ते समदं सांगतो." मला तेव्हा इतका राग आला होता ना, सॉरी.

मग तुम्ही शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलंत. "ऊसतोडीस स्थलांतर", चौथीत. दिवाळीनंतर आईबाप मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन निघायचे ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत नाही. त्याच्या आदल्या वर्षी आजीकडे राहिला तेव्हा धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात यायचा, भाऊ रडला की तुम्ही दोघांना व्हरांड्यात बसवून पाढे म्हणून घ्यायचात. हे सगळं तुम्ही तासभर सांगितलंत, त्याने एकदा कंपासपेटी चोरली होती ते पण.

घरी चहाला बसलो तेव्हा तुम्ही हळूच विचारलंत, ते कसं करतात गं. मी सांगितलं, महाराष्ट्रात फाशी येरवडा आणि नागपूरला होते, कसाबला २०१२ ला येरवड्यात, याकूब मेमनला २०१५ ला नागपुरात, त्या रात्री सुप्रीम कोर्ट पहाटेपर्यंत बसलं होतं. दोर बऱ्याचदा बिहारच्या बक्सर जेलचा. दयेचा अर्ज फेटाळल्यावर किमान १४ दिवस द्यावे लागतात, घरच्यांची शेवटची भेट घडवावी लागते. आधी वाळूच्या पोत्यावर दोर तपासतात. माणसाचं वजन करतात, कारण किती उंचीवरून सोडायचा ते वजनावर ठरतं. नंतर अर्धा तास तसंच ठेवतात, मग डॉक्टर.

तुमची बशी हातातच राहिली. "वजन मी बी केलंय त्याचं," तुम्ही म्हणालात, "आरोग्य तपासणीला. १९ किलो भरलं हुतं."

आणि मग विचारलंत, ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या घरी जाता का? मी म्हणाले ते आमच्या कामात येत नाही. हे उत्तर मला अजूनही धड वाटत नाही.

गेल्या महिन्यात हायकोर्टाने फाशी रद्द करून जन्मठेप केली. तुमचं ॲफिडेव्हिट वाचताना सरकारी वकिलांनी वयावर बोट ठेवलं, पण तारीख अंदाजे टाकली हे तुम्हीच लिहून दिलेलं, मग पुढच्या व्हरांड्याच्या आणि कंपासपेटीच्या गोष्टीवर कुणालाच शंका घेता आली नाही.

परवा येरवड्यात मुलाखतीला गेले, रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स काचेला लावून दाखवली. त्याने बराच वेळ वाचलं. निकालाबद्दल काही बोलला नाही, एवढंच विचारलं की शाळेपुढचा हापसा चालू आहे का. मला आठवेना. नातवाला सांगून तेवढं कळवा, पुढच्या मुलाखतीत सांगायचंय त्याला.