तुरीचा हिशेब मिळतो, मदतीचा मिळत नाही

प्रति,
मा. वाणिज्य व उद्योग मंत्री, भारत सरकार

स.न.वि.वि.

मी नागपूरच्या एका डाळ मिलमध्ये खरेदीचं काम पाहतो. कळमन्यातला गावरानी तुरीचा लिलाव आटोपून आलो की टेबलावर आयात तुरीचे नमुने मांडलेले असतात. म्यानमारची लेमन, मोझांबिकची गजरी, मलावीची लाल. कुठून किती तूर आली, किती डॉलरची आली, हे तुमच्या खात्याच्या संकेतस्थळावर महिनावार सापडतं. त्याच देशावर संकट कोसळलं तेव्हा भारताने काय पाठवलं, हे मात्र जुन्या प्रसिद्धिपत्रकांतून वेचत बसावं लागतं.

मार्च २०१९ मध्ये ‘इडाई’ चक्रीवादळाने मोझांबिकचं बेइरा बंदर झोडपलं, तेव्हा आपल्या नौदलाच्या सुजाता, शार्दूल आणि तटरक्षक दलाची सारथी या नौका तातडीने पोचल्या. २८ मार्च २०२५ ला म्यानमार भूकंपाने हादरला. मंडालेत आपल्या लष्कराने रुग्णालय उभारलं. मलावीशी करार वर्षाला ५० हजार टन तुरीचा. २०२४ च्या दुष्काळात आपण तिथे १ हजार टन तांदूळ पाठवला. विकत घेतलेलं आणि दिलेलं एकाच काट्यावर घालता येत नाही, हे मलाही कळतं. तुर्कीने २०२२ मध्ये भारतीय गहू परत धाडला, तरी २०२३ च्या भूकंपात आपली पथकं गेली. योग्यच केलं. व्यापार पाहून मदत करा, असं माझं म्हणणं नाहीच.

तुरीचं गणित मात्र वेगळं आहे. आफ्रिकेतली तूर ऑगस्टच्या सुमारास निघू लागते, इथला माल संपत आलेला असतो तेव्हा. ‘इडाई’ आणि २०२३ चं ‘फ्रेडी’ ही दोन्ही वादळं मलावीवर आली ती मार्चमध्ये, पीक शेतात उभं असताना. त्यातून मलावीला समुद्र नाही, बराचसा माल मोझांबिकच्या बंदरांतून निघतो. तिकडे बंदर अडलं की इतवारीतल्या ठोक बाजाराला धास्ती. (आयातीने भाव पडतो म्हणून विदर्भातला शेतकरी चिडतो, तेही खरंच, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.)

म्यानमार, मोझांबिक आणि मलावीशी झालेले तुरीचे हे करार २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांचे. चर्चा झाली ती टनांचीच. पुढच्या करारात एक कलम घालावं: वादळ आलं तर बियाणं, तंबू आणि बंदर दुरुस्तीची माणसं कुणी, किती दिवसांत पाठवायची. दरवर्षी देशवार तक्ता छापावा, एका रकान्यात व्यापार, शेजारी मदत. आणि एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) अकादमी आमच्या नागपुरातच आहे. मोझांबिक, मलावीची माणसं तिथे प्रशिक्षणाला बोलवा, परराष्ट्र खात्याशी बोलून पुढच्याच तुकडीत.

आपला,
डाळ मिलमधला एक खरेदीदार, नागपूर