नवीन वस्तीच्या नकाशात दुकानाला जागा ठेवा

संपादक महोदय,

छोट्या दुकानांबद्दल हल्ली जे काही छापून येतं ते सगळं एकाच प्रश्नाभोवती फिरतं, की ॲप आणि मॉलपुढे ही दुकानं टिकणार का, स्वस्त कुठे मिळतं, कोण किती मिनिटांत घरपोच देतं. हा हिशोब चुकीचा नाही पण अर्धवट आहे, कारण माल विकता विकता कोपऱ्यावरचा दुकानदार दिवसभर जे दुसरं काम करत असतो ते कुठल्याच बिलात येत नाही.

तो रस्त्याकडे बघत असतो. रोज सकाळी येणारे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत, शाळेतून आलेलं पोरगं घराला कुलूप म्हणून पायरीवर बसून राहिलंय, कुणीतरी अनोळखी उगाच घुटमळतंय, हे सगळ्यात आधी त्याच्या लक्षात येतं. आणि रात्री उशिरा एकटीने घरी येणाऱ्या बाईला नुसतं शटर वर आहे, लाइट चालू आहे एवढ्यानेसुद्धा किती धीर येतो ते ज्यांना असं यावं लागतं त्यांनाच विचारा.

शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्याच गल्लीबद्दल लिहिलं होतं की पाहुणा येणार असेल आणि आपण घरी नसू तर लोक चावी दुकानात ठेवून जायचे. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की दुकानदार चावी सांभाळायचा पण पाहुणा कोण, कशाला आलाय असल्या चौकशा करायचा नाही. विश्वास आहे पण घरात डोकावणं नाही, अशी ओळख शहरात फार कमी ठिकाणी मिळते, आणि नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूला तर बहुतेक वेळा पहिली ओळख हीच होते.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली, तापमान ४१ अंशांवर गेलं, सातशेहून जास्त माणसं गेली, त्यात एकटे राहणारे म्हातारे खूप होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी नंतर शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या, दोन्हीकडे गरीब आणि एकटे वृद्ध साधारण सारखेच, पण मृत्यूचं प्रमाण एकीकडे कितीतरी पट जास्त. जिथे माणसं वाचली तिथले रस्ते दुकानांनी गजबजलेले होते, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती, दुसरीकडे दुकानं बंद पडून रस्ते ओस झाले होते. कारणं आणखीही असतील, पण उन्हात चालत जाऊन दोन घटका गारव्याला थांबायला जवळ एखादं ठिकाण असणं ही साधी गोष्ट नाही हो.

सगळे दुकानदार देवमाणसं असतात असं माझं म्हणणं नाही, काही जण फुटपाथ अडवतात, काही जास्त पैसे लावतात, तक्रार जरूर करावी. आणि दया म्हणून खरेदी करा असंही मी म्हणत नाही. माझा राग नियोजनावर आहे. घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे अशी वाटणी करून वस्त्या आखायच्या, मग साध्या वस्तूसाठी गाडी काढावी लागते आणि ज्याला गाडी चालवता येत नाही तो घरात अडकतो. जपानमध्ये सगळ्यात कडक नियमांच्या बैठ्या निवासी भागातसुद्धा राहत्या घराला जोडून ५० चौरस मीटरपर्यंतचं दुकान चालतं. पॅरिसने २००४ पासून तळमजल्याचे गाळे सरकारी कंपनीमार्फत विकत घेऊन छोट्या दुकानदारांना भाड्याने दिलेत. म्हणजे ठरवलं तर जमतं.

नवीन गृहप्रकल्पाला मंजुरी देताना रस्त्याच्या बाजूला काही छोटे गाळे सक्तीचे करावेत, चार गाळे जोडून एक मोठं स्टोअर होणार नाही अशी आकाराची मर्यादा घालावी, भाडं छोट्या माणसाला झेपेल असं बघावं. आणि शटर बंद ठेवून आत फक्त ऑर्डरी भरणारं डिलिव्हरीचं गोडाऊन या गाळ्यांत दुकान म्हणून मोजू नये.

आपली एक वाचक