रमीच्या रांगेत हा गेम नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन गेमवर लेख होता त्यात रमी, सट्टा आणि नेशनस्टेट्स (यात प्रत्येक खेळाडू आपला एक काल्पनिक देश चालवतो) हे सगळे एकाच माळेचे मणी करून टाकलेत, ते वाचून राहवेना म्हणून लिहितोय. पैसे लावून खेळायच्या गेमवर २०२५ मध्ये केंद्राने बंदी आणली ते बरंच झालं, मी पतसंस्थेत काउंटरला बसतो, त्या नादापायी हप्ते थकवलेली माणसं रोज बघतो. पण नेशनस्टेट्स फुकट खेळता येतो, त्यात चित्रांचा भपका नाही, गोळीबार नाही, नुसतं वाचायचं आणि निर्णय घ्यायचे. लॉकडाऊनमध्ये भाच्याने नादाला लावलं, तो केव्हाच सोडून गेला आणि मामा अजून आहे तिथंच.

त्या लेखात 'द नॉर्थ पॅसिफिक' या रीजनच्या (म्हणजे गेममधल्या देशांच्या एका गटाच्या) सुरक्षा परिषदेची टिंगल केलीय की खोट्या देशांना कसली आलीय सुरक्षा. माझा देश तिथलाच आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे दर चार महिन्यांनी डेलिगेटची, म्हणजे रीजनच्या प्रमुखाची, निवडणूक होते, पण गेमच्या प्रोग्रामला निवडणूक बिवडणूक काही कळत नाही, त्याला एवढंच कळतं की वर्ल्ड असेंब्लीतल्या (ही गेममधली देशांची संघटना) सगळ्यात जास्त देशांनी ज्याला एंडोर्स केलंय, म्हणजे पाठिंबा दिलाय, तो डेलिगेट. आणि देशांना रीजनबाहेर हाकलायचं बटण डेलिगेटच्या हातात. म्हणजे उद्या एखादा निवडणूक हरला आणि म्हणाला जात नाही जा, तर रीजनच्या घटनेतले नियम दाखवून काय उपयोग? तो विरोधकांना एकेक करून काढणार आणि बसणार. असे प्रकार या रीजनमध्ये पूर्वी झालेले आहेत, ही परिषद काही हौसेपोटी काढलेली नाही.

आता गंमत बघा. हाकलणं फुकट नसतं, त्याला इन्फ्लुएन्स, म्हणजे गेममध्ये साठवलेलं वजन, खर्ची पडतो, आणि ज्याला काढायचं त्याचा स्वतःचा इन्फ्लुएन्स जितका जास्त तितका खर्च जास्त. इन्फ्लुएन्स विकत मिळत नाही, वर्षानुवर्षं एका जागी राहून आणि लोकांचे एंडोर्समेंट मिळवूनच साठतो. मग परिषदेत कोण, तर अशी जुनी खोडं, ज्यांना उपटायला गेलं तर उपटणाराच आधी दमेल. व्हाइस डेलिगेट, म्हणजे रीजनचा उपप्रमुख, तिचा प्रमुख असतो. गुपचूप एंडोर्समेंट कोण गोळा करतंय त्यावर नजर ठेवायची आणि वेळ आलीच तर आपल्यातल्या कुणाला तरी खुर्चीवर बसवायचं, एवढंच काम. पण रोज करायचं काम.

हेच राखणदार उलटले तर? त्याचीही सोय आहे. रीजनच्या स्वतःच्या असेंब्लीने (वर्ल्ड असेंब्ली वेगळी) मान्य केल्याशिवाय कुणी परिषदेत येत नाही आणि ठरलेल्या आकड्याखाली एंडोर्समेंट गेले की जागा धोक्यात. युनायटेड नेशन्सच्या खऱ्या सुरक्षा परिषदेत १५ पैकी ५ जणांना कायमची खुर्ची आणि वर व्हेटो, आमच्यात व्हेटो नाही. हसायचं कुणाला ते लेखकानेच ठरवावं.

मला पण परिषदेत जायचं होतं. त्यासाठी रोज रात्री जेवण झालं की देशांची यादी उघडायची, एकेकाच्या पानावर जाऊन एंडोर्स दाबायचं, परत मागे यायचं, पुढचा देश, असं शेकडो वेळा, म्हणजे तेही उलट आपल्याला एंडोर्स करतात (सगळे नाही करत, काही जण नुसतं घेतात, ती जात सगळीकडे असते). बायको म्हणायची एवढ्या घरी हळदीकुंकवाला गेला असता तर नगरसेवक झाला असता. मग आईचं आजारपण निघालं, गेमचं भानच राहिलं नाही, आणि २८ दिवस लॉगिन केलं नाही की देश आपोआप संपतो. परत चालू करता येतो, तो मी केला, पण एंडोर्समेंट गेले ते गेले. पुन्हा पहिल्यापासून यादी. परिषदवाल्यांविषयी मला आदर वाटतो तो यामुळे, ते गणपती, लग्न, दवाखाना सगळं सांभाळून टिकतात.

आणि हो, लेखात हा 'युनायटेड नेशन्सचा गेम' असल्याचं म्हटलंय तेही चूक आहे. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकाने २००२ मध्ये तो आपल्या कादंबरीच्या जाहिरातीसाठी काढला. गेममधल्या संघटनेचं नाव आधी युनायटेड नेशन्स होतं खरं, पण खऱ्या युनायटेड नेशन्सनेच हरकत घेतली म्हणून २००८ मध्ये ते वर्ल्ड असेंब्ली केलं. पुढच्या पुरवणीत निदान एवढी दुरुस्ती तरी छापा.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा